अमावास्येचा दोष आणि आरंभाचे धैर्य

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणे तेथेही धानाच्या बांध्या, बैल आणि पाऊस यांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार उभे राहिले. अलीकडे बांधीत ट्रॅक्टर फिरू लागला, घरोघर वीज आली, मुलांच्या हाती मोबाईल आला. परंतु या मुलखात ‘आज अवस आहे’ एवढे तीन शब्द कोणी वडीलधाऱ्याने उच्चारले, की ठरत आलेले काम अजूनही जागच्या जागी थांबते. सोयरिकीची बोलणी पुढे ढकलली जातात, घराच्या पायाची कुदळ खाली ठेवली जाते, नव्या दुकानाचे कुलूप तसेच राहते. ही गोष्ट एकट्या करडीची आहे असे मुळीच नाही. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही नवे वाहन अमावास्येस दारी आणणारा विरळाच. तथापि ज्या गावी विलंबाची किंमत पिकाने किंवा प्राणाने मोजावी लागते, त्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न तपासणे अधिक उपयोगाचे आहे, म्हणून आम्ही आज करडीकडे पाहून लिहीत आहो.

या जुन्या समजुतीच्या जोडीला आता एक नवी समजूत मोबाईलच्या वाटेने घरात शिरली आहे. पाश्चात्त्य फलज्योतिषी असे सांगतात की, नवचंद्राचा दिवस नव्या संकल्पांस अत्यंत अनुकूल होय. त्या दिवशी इच्छा कागदावर लिहावी, म्हणजे ती चंद्राबरोबर वाढीस लागते. आता गंमत अशी की, ज्यास ते नवचंद्र म्हणतात तीच आमची अमावास्या! एकाच घरात आजी ज्या दिवशी नातीस काही नवे करू देत नाही, त्याच दिवशी नात मोबाईलवर वाचते की, आजच सर्व नवे करावे. तिकडे तमिळ प्रांतातही पुष्कळ कुटुंबे अमावास्येस शुभ मानून नव्या कार्यास हात घालतात. एकाच पुराव्यावरून एका न्यायाधीशाने फाशी सांगावी आणि दुसऱ्याने इनाम द्यावे, तर शहाण्या मनुष्याने काय समजावे? त्या पुराव्यात फाशीही नाही आणि इनामही नाही, हेच की नाही?

मुळात अमावास्या म्हणजे काय, हे एकदा नीट ध्यानात घ्यावे. ‘अमा’ म्हणजे एकत्र आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. सूर्य आणि चंद्र ज्या वेळी आकाशात एकत्र वसतात ती अमावास्या. शब्दात अशुभाचा लेशही नाही. पंचांगात या तिथीचा अंक ३० असा लिहितात, म्हणजे महिन्याचा हिशेब येथे पुरा झाला एवढाच त्याचा अर्थ. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे लागतात, आणि हे चक्र कोणाच्या लग्नासाठी किंवा दुकानासाठी क्षणभरही थांबत नाही. त्या रात्री चंद्र काळा पडतो, क्षीण होतो, हेही खरे नव्हे. त्याचा अर्धा गोल नेहमीप्रमाणेच सूर्यप्रकाशाने उजळलेला असतो. फक्त ती उजळ बाजू आपल्याकडे नसून सूर्याकडे असते. चंद्राने आपणांकडे पाठ फिरविली म्हणून त्याचे तेज गेले असे समजणे, म्हणजे पाहुणा दाराबाहेर उभा आहे म्हणून तो मेला असे मानण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, ही ज्योतिर्विदांची भाषा झाली. आमचा धर्म आणि आमची रूढी यांस ती काय कामाची? तर मग रूढीचीच साक्ष काढू. करडीच्या शेतकऱ्याचा वर्षातील सर्वांत जिव्हाळ्याचा सण कोणता? पोळा. तो कधी येतो? श्रावणातल्या अमावास्येस. ज्या बैलाच्या खांद्यावर संसार चालला, त्याची शिंगे रंगवून, पाठीवर झूल घालून, त्यास पुरणपोळीचा घास भरविण्यासाठी आमच्या पूर्वजांनी अवसेचाच दिवस निवडला. आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी नंदी घेऊन निघतात. दिवाळीतले लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येस होते. त्या वेळी लाखांची उलाढाल करणारा व्यापारी वह्यांची पूजा करतो, आणि त्यास कोणी अडवीत नाही. वैदिक काळी तर अमावास्येस ‘दर्श’ म्हणत आणि तिच्या निमित्ताने दर महिन्यास इष्टी करीत. गोधन आणि लक्ष्मी या दोन्ही ज्या तिथीस पूजिल्या जातात, ती तिथी दुकानाच्या कुलपास तेवढी अशुभ कशी ठरते, याचे उत्तर आम्हांस कोणत्याही शास्त्रीबोवांकडून हवे आहे.

आणखी एक साक्ष शेजारची आहे. भंडाऱ्याच्या उत्तरेस बालाघाट लागते. आमचा महिना अमावास्येस संपतो. उत्तरेकडील पंचांगांचा महिना पौर्णिमेस संपतो. त्यामुळे ज्या दिवशी करडीत श्रावण संपतो, त्या दिवशी उत्तरेकडच्या पंचांगात भाद्रपदाचा मध्य चाललेला असतो, आणि छत्तीसगडात पोळा भादव्याच्या अवसेस झाला असे म्हणतात. दिवस तोच, बैल तसेच, चंद्र तोच. महिन्याचे नाव आणि शेवट मात्र निराळे. महिना कोठे संपवावा व कोठे सुरू करावा, हे ज्या अर्थी मनुष्याने आपल्या सोयीने ठरविले, त्या अर्थी शेवटाचे भय आणि आरंभाचा आनंद हीही त्याचीच निर्मिती होय, हे उघड आहे.

या समजुतीच्या मुळाशी आमचे पूर्वज मूर्ख होते असे आम्ही म्हणत नाही. वीज नव्हती, कंदील नव्हता, वाटेत रान होते, त्या काळी काळोख्या रात्री वऱ्हाड घेऊन निघू नये, हा शहाणपणाचाच सल्ला होता. साप, श्वापद आणि वाटमारे यांची भीती खरी होती. परंतु सल्ल्याचे कारण गेल्यावर सल्ला तेवढा उरला, आणि त्यास पुढे दैवी कोपाचे रूप आले. रात्रीच्या प्रवासासाठी सांगितलेली गोष्ट दिवसाढवळ्या बँकेत खाते उघडण्यास लावणे, म्हणजे पावसाळा संपल्यावरही उन्हात घोंगडी पांघरून बसण्यासारखे आहे.

काही सुशिक्षित लोक येथे समुद्राच्या भरतीचा दाखला देतात. अमावास्येस समुद्र उसळतो, मग मनुष्यावर परिणाम का होणार नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, तशीच मोठी भरती पौर्णिमेसही येते, हे आपण का विसरता? सूर्य आणि चंद्र यांची ओढ दोन्ही दिवशी एका रेषेत असते. जर ती ओढ कार्य बिघडविते, तर पौर्णिमाही तितकीच अशुभ ठरावयास हवी. पण तीस तर आपण शुभ मानतो. शिवाय अफाट सागराचे पाणी हलविणारी ही ओढ विहिरीच्या पाण्यावर तरंगही उठवीत नाही. ती मनुष्याची बुद्धी काय फिरविणार?

राहिला फलज्योतिषाच्या अनुभवाचा आधार. त्याचीही परीक्षा महाराष्ट्रात होऊन चुकली आहे. दिवंगत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये, पुण्यातील संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या साहाय्याने, १०० हुशार मुलांच्या व १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या घेतल्या आणि त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या ज्योतिष्यांकडे पाठविल्या. कुंडली कोणत्या गटातील मुलाची, एवढेच सांगावयाचे होते. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. त्यांतली बरोबर किती? शेकडा ४६! नाणे उडविले असते तर शेकडा ५० आली असती. हा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विद्येस अख्खी कुंडली हाती असता एवढी ढोबळ गोष्ट ओळखता येत नाही, तिने केवळ तिथी पाहून आमच्या दुकानाचे भवितव्य सांगावे, हा विश्वास आम्हांस महाग वाटतो.

आणि शेतकरी स्वतः काय करतो? धानाचे पऱ्हे कधी टाकावे, हे तो रोहिणी आणि मृग पाहून ठरवितो. ही नक्षत्रे सूर्याची आहेत. म्हणूनच मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारासच लागतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी साठले आणि मजूर मिळाले, की त्या दिवशी अवस आहे म्हणून हंगाम कोण घालवील? जेथे आकाशाशी खरोखर काम पडते, तेथे करडीचा शेतकरी सूर्याकडे आणि ढगाकडे पाहतो. चंद्राच्या दोषाची आठवण त्यास घरात, सवडीच्या आणि भीतीच्या गोष्टींत होते.

परंतु ही भीती निरुपद्रवी असती, तर आम्ही तीवर एवढी शाई खर्च केली नसती. अमावास्येस जन्मलेल्या मुलाची शांत करावी लागते, आणि तिचा खर्च बाळंतिणीच्या दूधतुपातून वजा होतो; ते मूल मुलगी असेल, तर तिच्या लग्नापर्यंत तो दिवस तिच्या पाठीस लागतो. सून घरात आली त्या महिन्यात अवसेच्या सुमारास गाय मेली, तर दोष सुनेच्या पायाचा. एखादी एकाकी विधवा त्या रात्री अंगणात दिवा लावून बसली, की करणीचा संशय तीवर. बांधीत पाय टाकताच साप चावला आणि नेमकी अवस असली, तर मांत्रिकाच्या घरी जो अर्धा तास जातो, तो प्रतिविषाच्या सुईपासून हिरावलेला असतो. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने २०१३ मध्ये सर्पदंशावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला. त्यास ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण कायदा दंड करू शकतो, भीती घालवू शकत नाही. ती घालविण्याचे काम घरातल्या शहाण्या माणसाचे आहे.

तर मग नव्या आरंभास काही दिवस असूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. मनुष्याचे मन सरळ रेषेत चालत नाही. त्यास अधूनमधून एक रेघ ओढून ‘येथून पुढे निराळे’ असे म्हणावेसे वाटते. ही भूक खरी आहे आणि तिची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, रेघ ओढणारा हात आपला असतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हे राष्ट्र स्वतंत्र झाले, तेव्हा कृष्णपक्ष संपत आला होता आणि अमावास्या अगदी तोंडावर आली होती. काही ज्योतिष्यांनी त्या दिवसास नाके मुरडली, हे प्रसिद्धच आहे. कोट्यवधी लोकांचा एवढा मोठा आरंभ क्षीण चंद्राच्या साक्षीने झाला. पुढे जे चांगले झाले ते लोकांच्या श्रमाने, आणि जे वाईट झाले ते लोकांच्या दोषाने. चंद्रास त्याचे श्रेयही नको आणि ठपकाही नको. म्हणूनच अमावास्येस इच्छा लिहून ती फळेल अशी वाट पाहणारी नवी तऱ्हाही आम्हांस जुन्या भीतीचीच धाकटी बहीण वाटते. एक म्हणते, आज करू नकोस. दुसरी म्हणते, लिहून ठेव, चंद्र करील. दोघींच्याही सल्ल्याने काम मात्र पडूनच राहते.

करडीच्या मंडळींस आमची सूचना साधी आहे. पोळा थाटाने करावा, पितरांचे स्मरण करावे, लक्ष्मीपूजनाचे दिवे लावावे; त्यांस आमचा विरोध नाही. महिन्याच्या या तिसाव्या तिथीस मात्र घरातल्या बाईने आणि पुरुषाने एकत्र बसून महिन्याचा हिशेब करावा: कर्ज किती फिटले, मुलांची शाळा किती दिवस बुडाली, बचत गटात किती पैसे पडले. जे राहिले असेल ते दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेस हाती घ्यावे. शाळामास्तरांनी एक चेंडू आणि एक दिवा घेऊन मुलांस अमावास्या दाखवावी. दहा मिनिटांचे काम आहे. आणि अवसेस जन्मलेल्या लेकराच्या आईस शेजारणींनी एवढे सांगावे की, बाई, तुझ्या लेकरात काही उणे नाही. ज्या दिवशी आम्ही बैलास ओवाळतो, त्याच तिथीस ते आले आहे. दोष जर कोठे असलाच, तर तो आजचे काम उद्यावर टाकणाऱ्या आपल्या आळसात व भित्रेपणात आहे. आणि त्याची शांत करण्यास भटजी लागत नाही, मुहूर्तही लागत नाही.