उन्हाळी अभ्यासक्रम निवडताना

जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय असो वा मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी एक नियम आधी समजून घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवायचे असेल, तर वर्षाच्या श्रेयांकांखेरीज (क्रेडिट्स) उन्हाळ्यात 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केल्यावरच प्रमाणपत्र मिळते. ते हाती असले की 3 वर्षांच्या आत परत येता येते. घरच्या अडचणीने शिक्षण सोडणाऱ्या मुलींसाठी ही वाट फार मोलाची आहे. ती त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवी.

एका श्रेयांकाला साधारण 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक लागते. म्हणजे प्रात्यक्षिकाचे 4 श्रेयांक 120 तासांचे. दोन-चार दिवसांच्या शिबिरात ते होत नाहीत.

फी भरण्याआधी महाविद्यालयात विचारा: हे श्रेयांक माझ्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ खात्यात जमा होतील का? होणार नसतील, तर शिकणे वाया जात नाही, पण पदवीत ते धरले जाणार नाही. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील प्रशिक्षणाबाबतही हेच विचारावे. द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात रोपवाटिका, ठिबक किंवा फळप्रक्रिया शिकलेले हात घरच्याच शेतात लागतात.