घरगुती बिस्किटांचे छायाचित्र : उजेड खिडकीचाच बरा

नाचणीची बिस्किटे, नानखटाई, खारी हे घरी भाजलेले पदार्थ महिला बचत गट आठवडी बाजारात आणि प्रदर्शनांत विकत आले आहेत. तेथे ग्राहक पदार्थ पाहतो, चाखतो आणि मग दर विचारतो. भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या मागणीत मात्र यातले काहीच घडत नाही. ग्राहकापुढे असते ते केवळ छायाचित्र. ते काळवंडलेले निघाले, तर खरपूस नानखटाईही करपलेली वाटते आणि गटाच्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडते.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर पाट अथवा मेज ठेवावे आणि उजेड पदार्थावर बाजूने पडेल असे पाहावे. बाजूच्या उजेडाने नानखटाईवरील भेगांत बारीक सावल्या पडतात व तिचा खुसखुशीतपणा डोळ्यांना जाणवतो. फ्लॅशचा प्रकाश समोरून पडत असल्याने या सावल्या पुसल्या जातात आणि तुपाचा पृष्ठभाग उगाच चकाकतो. ऊन थेट येत असल्यास खिडकीला पातळ पांढरे कापड बांधावे. जुने धोतरही चालते. पलीकडच्या बाजूस पांढरा कागद चिकटवलेला पुठ्ठा उभा केला, की परावर्तित उजेडाने गडद सावली सौम्य होते.

घरातील दिवे त्या वेळी बंद असावेत. पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा, तर दिवसाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. दोन्ही एकत्र आले, की पदार्थाची एक बाजू पिवळी व दुसरी निळसर दिसते. घरकामातून सवड मिळते ती बहुधा दिवेलागणीनंतर, ही अडचण खरीच आहे. म्हणून सकाळच्या घाण्यातील चार बिस्किटे बाजूला काढून दुपारीच छायाचित्र घेणे सोयीचे ठरते.

नाचणीच्या बिस्किटांचा रंग मुळातच गडद. ती पांढऱ्याशुभ्र ताटलीत ठेवल्यास कॅमेरा ताटलीच्या उजळपणाला फसतो, सारे चित्र मंद करतो आणि बिस्किटे काळी दिसतात. त्याऐवजी पळसाची पत्रावळ किंवा लाकडी पाट वापरावा, पडद्यावर बिस्किटावरच बोट टेकवावे आणि उजळपणा किंचित वाढवावा. भिंगावर पिठाचा वा तुपाचा हात लागलेला असतो. ते आधी मऊ कापडाने पुसावे.

छायाचित्रात दिसेल तेच पुडक्यात असले पाहिजे. दुसऱ्याच्या मालाचे चित्र लावणे किंवा रंग भडक करून घेणे हा ग्राहकाचा विश्वासघात होय. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईची तरतूद आहे. बिस्किटाचा खरा आकार कळावा म्हणून शेजारी चहाचा कप ठेवावा. काही ठिकाणी नाणे ठेवतात, पण खाद्यपदार्थाजवळ ते शोभत नाही.