जिरं ते बोटुकली: पाण्याच्या उबेची साठ-सत्तर वर्षं

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे एके काळी त्यांचं बी मुख्यतः पावसाळी नद्यांतून गोळा करावं लागे. बंगालमधून ते मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीने दूरदूर जाई. पाझरणाऱ्या हंडीत पाणी गार राही आणि चिमूटभर तांबडी माती टाकली की घाण तळाशी बसे. हंड्या सांभाळणाऱ्यांकडे थर्मामीटर नव्हता, पण पाणी तापलं की जिरं (अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू) मरतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं. अंड्यांचा प्रश्न सुटला, ती जगवण्याचा उरला. सुरुवातीला अंडी तळ्यातच बांधलेल्या कापडी हाप्यांत (पाण्यात टांगलेल्या चौकोनी झोळ्यांत) उबवत. दुपारी उथळ पाणी तापलं की अंड्यांचा घाणा हातचा जाई. पुढे काचेच्या बरण्या आल्या, आणि ऐंशीच्या दशकात गोल टाकीची चायनीज हॅचरी पसरली. माझ्या मते या टाकीचं खरं मोल फिरत्या पाण्यात आहे, कारण त्यात ऊब आणि प्राणवायू दोन्ही एकसारखे राहतात. २७-२८ अंशांना पारदर्शक अंड्यात गर्भ वळवळू लागतो आणि साधारण १४ ते १८ तासांत जिरं बाहेर पडतं. गार पाण्यात हा वेळ लांबतो. पारा ३२ च्या पुढे गेला तर अंडी लवकर फुटतात, पण कितीतरी पिल्लं वाकड्या कण्याची निघतात आणि मरतुक वाढते. लोणावळ्याजवळ वळवणला सत्तरच्या दशकापासून महसीरची पैदास होते. तो डोंगरी, गार पाण्याचा मासा. त्याच्या अंड्यांना उबायला तीनेक दिवस लागतात.

१९८८ मध्ये ईशान्य भारतात माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा दिसू लागल्या. ही साथ मग देशभर पसरली. तिच्यामागे अफॅनोमायसिस ही बुरशीसारखी पाणबुरशी होती, आणि जोर प्रामुख्याने हिवाळ्यात. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं. पाणी गार झालं की त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते आणि बुरशीला वाट मिळते. थंडीआधी तळ्यात चुना टाकण्याची शिस्त या साथीने पुष्कळांच्या अंगी बाणवली.

थंडीत पिल्लं खाणंही कमी करतात. तरी रोजच्याइतकंच खाद्य टाकलं तर ते तळाशी कुजतं. उन्हाळ्यात अडचण उलटी होते: २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. भर दुपारी बी भरून आणलेली पिशवी फोडून ते थेट तळ्यात ओतणं म्हणूनच अक्षम्य आहे. दोन्ही पाण्यांची ऊब सारखी व्हावी म्हणून पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्यायचं. एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात.

अलीकडे ऊबच लवकर येते. पश्चिम बंगालमधल्या हॅचऱ्यांत पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होणारी पैदास आता मार्चअखेरीसही होते. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांना याचा फायदा व्हायला हवा. त्यातले पुष्कळ उन्हाळ्यात आटतात, म्हणजे वाढीचा काळ मोजकाच, आणि त्याच्या मधोमध हिवाळा. सप्टेंबरात सोडलेल्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) ऊब मिळते ती जेमतेम दोन महिने. पुढे ती खुंटते. आंध्रात दाटीने ठेवून वाढ रोखलेली वर्षाची बोटुकली वापरतात. मोकळं, कोमट पाणी मिळताच ती झपाट्याने वाढते. भंडारा-गोंदियाच्या मासेमार ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांना असं बीज जुलैतच, पहिल्या भरवशाच्या पावसाबरोबर, तलावाच्या काठावर मिळायला हवं.