परमुलखातलं पान (भाग ६) : गुरुवारी न्योक्की, शनिवारी वजडी

मागच्या आठवड्यात रोमच्या चार पास्त्यांचं पुराण लावलं होतं. त्यावर एका वाचकाने मोजक्या शब्दांत विचारलं, ‘‘ते सगळं ठीक, पण जेवायचं कुठे?’’ प्रश्न रास्त आहे. त्यावर बोलायची माझी लायकी एवढीच, की पहिल्या खेपेला मी सपशेल फसले होते.

पियात्सा नव्होनाच्या मागच्या एका गल्लीत हॉटेलाच्या दाराशी उभा असलेला तरुण अदबीने आत बोलावत होता. मेन्यूकार्ड सहा भाषांत, प्रत्येक पदार्थाचा रंगीत फोटो, टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. कार्बोनारा मागवला, तर त्यात क्रीम! अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालफडाचं खारवलेलं मांस, एवढ्यावर भागणाऱ्या पदार्थात क्रीम म्हणजे आपल्या पिठल्यात कुणी मैदा कालवावा तसं.

राग ओसरल्यावर लक्षात आलं, की त्या आचाऱ्याला रांधता येत नव्हतं असं मुळीच नाही. मी पुन्हा त्याच्या दारी येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी चिडून गेले काय नि खूश होऊन गेले काय, उद्या विमानातून दुसरी कुणी उतरणारच होती. तेव्हापासून परक्या शहरात ‘पर्यटक कुठे नाहीत’ हे शोधायचं मी सोडून दिलं (मीही पर्यटकच की!). इथला आचारी पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी रांधतो का, एवढंच बघते. रोममध्ये हे बघायचं तर तेस्ताच्चोला जावं.

कोलोसियमपासून मेट्रोच्या बी मार्गावर दुसरं स्टेशन पिरामिदे. बाहेर आलं की समोर खरोखरच पिरॅमिड दिसतो. तो केस्तियुस नावाच्या रोमनाचं थडगं आहे, दोन हजार वर्षं जुनं. तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की तेस्ताच्चोच्या सरळ रस्त्यांची, चार-पाच मजली चाळवजा इमारतींची वस्ती लागते. तेस्ता म्हणजे खापर. वस्तीच्या कडेला सुमारे ३५ मीटर उंचीचा एक डोंगर आहे आणि तो अख्खा फुटक्या रांजणांचा आहे. स्पेनहून, उत्तर आफ्रिकेहून तेलाने भरून आलेले रांजण रिकामे झाले की इथे फोडून रचून ठेवत. पुढे लोकांनी या डोंगराच्या पोटात तळघरं खोदली, कारण खापरांच्या फटींतून वारा खेळतो नि वाइन थंड राहते. ‘फ्लाव्हिओ आल व्हेलाव्हेव्होदेत्तो’ या खानावळीत काचेमागे हा खापरांचा थर दिसतो.

पण तेस्ताच्चोचं जेवण घडवलं ते कत्तलखान्याने. जोआक्कीनो एर्शोख या वास्तुविशारदाने १८८८ ते १८९१ या काळात तो बांधला, १९७५ मध्ये तो बंद झाला. आता तिथे कलादालनं आहेत, विद्यापीठाचे वास्तुकलेचे वर्ग भरतात. बैलाला लोळवणारा पंखवाला देव मात्र दरवाजाच्या माथ्यावर अजून उभा आहे. इथे खपणाऱ्या कामगारांना, वाच्चिनारींना, मजुरीचा काही भाग जनावराच्या उरल्यासुरल्या अवयवांत मिळे. जनावराचे चार भाग व्हायचे, ते ऐपतदारांच्या घरी जायचे. शेपूट, आतडी, वजडी, जीभ, काळीज हा ‘क्विंतो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चौथा हिस्सा. गणितात न बसणारं हे नाव मला फार आवडतं. समोरच्या खानावळींच्या बायकांनी त्यातून जे शिजवलं तेच आज रोमचं अस्सल जेवण म्हणून मिरवतं. आपल्याकडे वजडी, खूर, मुंडी ज्या घरांत शिजली त्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बैलाच्या शेपटीचा ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’ घ्या. टोमॅटो आणि भरपूर सेलरी घालून तासन् तास शिजवतात, मांस हाडावरून गळायला लागेपर्यंत. काही जण शेवटी मनुका, चिलगोजे आणि चिमूटभर कडू कोको घालतात. ‘पायाता’ म्हणजे दूधपित्या वासराची आतडी, आतल्या अर्धवट पचलेल्या दुधासकट. शिजल्यावर त्याची मऊ, चीजसारखी खीर होते. गाईंच्या मेंदूरोगाच्या भीतीने युरोपीय संघाने २००१ मध्ये यावर बंदी आणली, ती २०१५ मध्ये उठली. मधल्या काळात कोकराच्या आतड्यांवर भागवावं लागलं. वाचूनच पोटात ढवळणाऱ्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, माझी हरकत नाही.

खरी किल्ली वारांत आहे. रोममध्ये जुना शिरस्ता असा : गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे वजडी. शुक्रवारी चर्चच्या नेमाने मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी पोटाला आधार देणारे न्योक्की, म्हणजे बटाट्याचे छोटे गोळे. शुक्रवारी खारवलेला कॉड किंवा चणे घातलेला पास्ता. रविवारच्या मेजवानीसाठी शनिवारपर्यंत जनावर कापलं जायचं, चांगलं मांस मोठ्यांकडे जायचं आणि गरिबाच्या ताटात यायची वजडी, टोमॅटोत शिजवलेली, वरून पेकोरिनो नि रानपुदिना. एखाद्या खानावळीच्या फळ्यावर आज गुरुवार म्हणून न्योक्की लिहिलेले असतील आणि उद्या ते पुसले जाणार असतील, तर बिनधास्त आत शिरा. तिथला आचारी उद्याही येणाऱ्या माणसाचा विचार करतो आहे. बुधवार-रविवार मासळी आणि गुरुवारी उपास पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना हा हिशेब चटकन कळेल.

वारासारखाच ऋतू. पुंतारेल्ले ही कुरकुरीत कडवट पानांची कोशिंबीर थंडीतली. रोमचे गोल आर्टिचोक हिवाळ्याअखेरपासून वसंतापर्यंत. ऑगस्टमध्ये कुणी ‘ताजे’ आर्टिचोक पुढे केले तर मान डोलवून पुढे चालावं. ऑगस्टवरून आठवलं : १५ ऑगस्टच्या फेरागोस्तोच्या सुमाराला अनेक चांगल्या खानावळींच्या दारावर ‘क्यूसो पेर फेरिए’, सुटीनिमित्त बंद, अशी चिठ्ठी लागते. पहिल्यांदा वैताग येतो. पण तिथलं गिऱ्हाईकच समुद्रावर गेलेलं असतं, मग चूल पेटवायची कुणासाठी? ते नाव टिपून ठेवावं, पुढच्या खेपेला उपयोगी पडतं.

किरकोळ खुणाही आहेत. स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या पुढे चालतं. साडेपाचला कार्बोनारा देणाऱ्याने तो कुणासाठी मांडलाय ते उघड आहे. मेन्यूत पदार्थापुढे छोटी चांदणी दिसली तर तळटीप वाचा, बहुधा ‘गोठवलेलं’ असं निघतं. रोमच्या लात्सिओ प्रांतात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसायचे पैसे, घ्यायला बंदी आहे, म्हणून बिलात ‘पाने’ अशी ओळ येते. ती पावाची. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, पण आजी दोघांची एकच, लॅटिन. आणि हो, हाताने लिहिलेला फळा ही आता खात्रीची खूण राहिली नाही. खडू पर्यटनवाल्यांनाही परवडतो.

तेस्ताच्चोही आता गुपित नाही. १९३६ पासूनच्या ‘फेलीचे’ या खानावळीचा मूळ मालक सगळ्या टेबलांवर ‘राखीव’च्या पाट्या ठेवायचा आणि चेहरा आवडला तरच बसू द्यायचा, असं रोमकर सांगतात. आज तिथे आधी टेबल राखल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, आणि शेजारच्या टेबलावर इंग्रजी ऐकू येतं. मला विचाराल तर दुपारचा बाजार जास्त भरवशाचा. २०१२ मध्ये तो कत्तलखान्यासमोरच्या नव्या इमारतीत आला. तिथल्या ‘मोर्दी ए व्हाय’ या गाळ्यावर उकडलेलं गोमांस पावात भरून देतात, पाव त्याच रश्शात बुडवून. दुपारी तीन-साडेतीनला आवराआवर सुरू होते.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. ‘चिकोरिया रिपास्साता’ म्हणजे उकडून लसूण-मिरचीवर परतलेली कडवट पालेभाजी; एक घास खाल्लात की घरची आठवण येईल. पुदिना-लसूण भरलेले आर्टिचोकही बिनधोक. पुंतारेल्लेवर मात्र अँचोव्ही माशाची चटणी असते. आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनतं, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्यांना काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्ताही वर्ज्य.

गेल्या खेपेला एका गुरुवारी मी बाजारामागच्या एका छोट्या खानावळीत पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. सहा-सात टेबलं, कोपऱ्यात रंगाऱ्याच्या कपड्यांत दोघे जण, खिडकीशी एकट्या बसलेल्या आजी. सगळ्यांच्या पुढ्यात न्योक्की. मी बसले, ऐटीत न्योक्की मागितले. वाढणाऱ्या बाईंनी हात झटकले, ‘‘फिनीती.’’ संपले. माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी शेपटीचा रस्सा सुचवला, पाव जास्तीचा आणून ठेवला, आणि जाताना खांद्यावर हात ठेवून धीर दिला, ‘‘जोवेदी प्रोस्सिमो!’’ पुढच्या गुरुवारी या.

माझं विमान रविवारी होतं. मी मान डोलावली, ‘‘येते.’’