मूत्राशयाचा कर्करोग आणि पेशींची रोजकीर्द

निमगाव केतकी हे इंदापूर-बारामती रस्त्यावरील गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे पेढीवर बसणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात लघवीतून रक्त गेले. एकदाच गेले आणि वेदना मुळीच नव्हती. घरच्यांनी ‘उन्हाळी लागली’ असे ठरवले. धने-जिऱ्याचे पाणी झाले, वाळ्याचे पाणी झाले, रक्त थांबले आणि विषय मिटला. वास्तविक उन्हाळीत जळजळ होते, थेंब थेंब लघवी होते. येथे काहीच दुखत नव्हते आणि न दुखणारे रक्तच अधिक शंकास्पद असते, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आठ महिन्यांनी पुन्हा रक्त दिसले, तेव्हा पुण्यात दुर्बिणीतून तपासणी झाली व मूत्राशयात गाठ निघाली.

सुदैवाने गाठ आतल्या अस्तरापुरती होती. या रोगाच्या दर चारपैकी सुमारे तीन रुग्णांचे निदान याच टप्प्यावर होते. दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढतात, पोटाला छेद द्यावा लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर आमच्या स्नेह्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “हे परत येणार का?” डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की, या रोगाची परत येण्याची खोड मोठी आहे. मात्र कोणाचा परत येईल आणि कोणाचा स्नायूत शिरेल, हे नेमके सांगता येत नाही. पहिली दुर्बीण तपासणी तीन महिन्यांनी, मग ठरावीक अंतराने वर्षानुवर्षे.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली, म्हणून हा प्रश्न मला परिचित वाटला. दोन दुकानदारांचे ताळेबंद तंतोतंत सारखे असत, तरी एकाचे खाते सुरळीत चाले आणि दुसऱ्याचे थकीत होई. फरक ताळेबंदात दिसत नसे. तो खात्यातील रोजच्या उलाढालीत दिसे. गाठीचेही तसेच आहे. तिचा आकार, संख्या, खोली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशींची उग्रता हा तिचा ताळेबंद. डॉक्टर आजही जोखीम त्यावरूनच ठरवतात. पेशीची रोजकीर्द मात्र वेगळी असते. तिचे नाव आरएनए.

डीएनए हा पेशीतील मूळ दस्तऐवज आहे. तो सर्व पेशींत जवळजवळ सारखाच असतो. त्यातील कोणते कलम आज अमलात आले, त्याची तात्पुरती नक्कल म्हणजे आरएनए. ही नक्कल फार नाजूक असते आणि लवकर विरून जाते. पण तिच्यावरून पेशी या क्षणी काय करीत आहे, शांत आहे की भराभर विभागत आहे, हे कळते. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी नाकात काडी घालून आरटी-पीसीआर तपासणी केली. तीही विषाणूच्या आरएनएचाच शोध घेत होती.

डेन्मार्कमधील आरहूस येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या ‘युरोमोल’ या अभ्यासात अस्तरापुरता कर्करोग असलेल्या ८३४ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आरएनएच्या नोंदींवरून गाठींचे चार वर्ग पाडले आहेत. त्यांपैकी ‘२ अ’ या वर्गातील गाठी पुढे स्नायूत शिरण्याचा धोका सर्वाधिक आढळला. ज्या गाठींमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी मोठ्या संख्येने शिरल्या होत्या, त्या परत येण्याचे प्रमाण कमी होते.

याचा उपचाराशी संबंध आहे. अधिक जोखमीच्या रुग्णांना मूत्राशयात नळीने बीसीजीचे द्रावण सोडतात, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे, आणि ते सुमारे दोन तास धरून ठेवावे लागते. आपल्या दंडावर जिचा व्रण असतो, तीच ही क्षयाची लस. तिचा हा उपयोग १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी मांडला. २०१२ मध्ये टोरांटोतील एका मोठ्या उत्पादन केंद्रात पुराचे पाणी शिरल्यानंतर जगभर या औषधाचा तुटवडा पडला. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही हे औषध बनवते, ही अभिमानाची बाब. परंतु बीसीजी सर्वांना लागू पडत नाही. २०२३ मध्ये रॉटरडॅमच्या इरास्मस केंद्रातील संशोधकांनी आरएनएवरून गाठींचे तीन प्रकार केले आणि त्यांतील एका प्रकारात बीसीजीनंतरही निकाल वाईट येतात, असे दाखवले. अशा रुग्णाला ते आधी कळले, तर मूत्राशय काढायचे की थांबायचे हा निर्णय वेळेत घेता येईल.

क्षयाच्या तपासणीसाठी आपल्याकडे सीबीनॅट नावाचे यंत्र असते. त्याच जातीच्या यंत्रावर लघवीतील पाच आरएनए मोजणारी चाचणीही निघाली आहे. उग्र गाठ नाही, असा दिलासा ती बऱ्यापैकी देते. परंतु लहान व सौम्य गाठी तिच्या नजरेतून सुटू शकतात, म्हणून दुर्बिणीची जागा तिने अद्याप घेतलेली नाही. एखाद्या प्रयोगशाळेने महागड्या चाचणीची जाहिरात केली, म्हणून दुर्बीण तपासणी टाळणे घातक ठरेल. खरे तर नेमके तेच घडते. तीन-चार तपासण्या स्वच्छ आल्या की दिवाळीचा हंगाम, लग्नसराई, वर्षाअखेरीचे हिशेब अशी कारणे निघतात.

आपल्या घरांतील दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम सांगाव्यात. पहिली चौविहाराची. बीसीजीनंतर त्या दिवशी पाणी भरपूर प्यायला सांगतात, तेव्हा सकाळची वेळ मागून घेतली की ते सूर्यास्तापूर्वी होऊ शकते. दुसरी लपवलेल्या व्यसनाची. बिडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि लघवीबरोबर तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. सप्तव्यसन-त्यागाचा नियम घेतलेल्या घरातही दुकानामागे ओढलेली सिगारेट असू शकते. आमच्या स्नेह्यांची होती. त्यांनी ती मुलांसमोर कबूल केली, तो प्रसंग शस्त्रक्रियेपेक्षा कठीण गेला, असे ते म्हणतात.

आणखी एक व्यवहाराची सूचना. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो आणि त्यातूनही पुढे आरएनए तपासता येतो. तो ठोकळा व अहवाल मागून घेऊन थंड, कोरड्या जागी ठेवावेत. आमच्या स्नेह्यांनी ते घरातल्या कपाटात जपून ठेवले आहेत. त्यांची पुढची दुर्बीण तपासणी पौषात आहे आणि तारीख पेढीच्या रोजमेळात मुलाने लाल शाईने लिहिली आहे.