जुनी वॅगन, बेताचे भांडवल : पैसा कुठे घालावा?

हिंदमाता बाजारातल्या लहान कापड व्यापाऱ्याला गाडी दोन कामांसाठी हवी असते. आठवड्यातून एक-दोनदा भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून नमुने व थोडा निकडीचा माल आणायचा, आणि उरलेल्या दिवशी बायको-मुले, वडीलधारी मंडळी यांना घेऊन दवाखाना, लग्न, गाव करायचे. टेम्पोत घरचे बसत नाहीत. डिक्कीच्या गाडीत कापडाचा एक गठ्ठा आडवा घातला की जागा संपली. म्हणून आपल्या काही व्यापारी बांधवांची नजर जुन्या स्टेशन वॅगनकडे जाते. पुढून मोटार, मागून छोटेसे गोदाम, आणि बॉनेटखाली भरल्या गाडीनिशी घाट चढणारे इंजिन.

आपल्या देशात अशा गाड्या फार आल्या नाहीत. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणली. ती दणकट होती, पण चपळ म्हणता येणार नाही. २००० च्या दशकात मारुतीची बलेनो अल्टुरा होती. आज बलेनो नावाने विकली जाते ती गाडी निराळी. अल्टुरा लांब पाठीची, १५९० सीसी पेट्रोल इंजिनाची आणि नव्वदहून अधिक अश्वशक्तीची. त्याच काळात स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, १.९ लिटर टर्बो डिझेल, ९० अश्वशक्ती. नवी असताना गिऱ्हाइकाने या गाड्यांना फारसा भाव दिला नाही. आज ज्या उरल्या आहेत त्यांचे वय वीस वर्षांच्या आसपास आहे, आणि त्या सेडानपेक्षा अधिक कामाच्या आहेत हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही.

अडचण पुढे येते. गाडी घेतली, हातात पन्नास-साठ हजार रुपये उरले, की माणूस ऑपेरा हाऊसच्या दुकानांकडे धावतो. मोठी अलॉय चाके, आवाज करणारा सायलेन्सर, लाल रंगाचा उघडा एअर फिल्टर. गाडी आता पळेल, असे दुकानदार सांगतो. माझे म्हणणे असे की वीस वर्षांच्या गाडीला ताकद वाढवून मिळत नाही, तिची गेलेली ताकद परत आणावी लागते, आणि तेवढ्यातच बहुतेक पैसा संपतो. जो उरेल तो मुंबईचे पाणी, खड्डे आणि मागे ठेवलेला माल यांचा विचार करून घालावा.

घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. अल्टुरा आणि कॉम्बी याच काळातल्या गाड्या आहेत. त्यामुळे सीटखालचा गालिचा उचलून पाहा, सीटच्या पट्ट्यांवर गंज व कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्याची रेघ पट्ट्यावर राहते. विकणाऱ्याने ऐब सांगून विकावे हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते, परंतु घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यावे असे कोणी शिकवलेले नाही.

आधी टायर, मग ब्रेक

माझ्या हिशेबाने हाती असलेल्या रकमेतील निम्मी इथेच जावी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांहून जुने रबर कडक होते आणि पहिल्या पावसात कसारा घाटात त्याची परीक्षा होते. चाके मोठी करण्याची हौस असेल तर बाहेरचा व्यास तीन टक्क्यांहून अधिक बदलू नये. ऑक्टाव्हियाला १९५/६५ आर १५ टायर बसतात. त्याच चाकावर २०५/६० घातले तर व्यास जेमतेम सव्वा टक्का घटतो आणि पकड थोडी वाढते. सतरा इंची चाकावर पातळ टायर चढवले की डॉ. आंबेडकर रोडच्या एका खड्ड्यात रिमला बाक येतो.

हवेचा दाब ही फुकटची सुधारणा आहे. मागे माल असेल तेव्हा मागच्या चाकांत जास्त हवा लागते, आणि किती ते कंपनीने पेट्रोलच्या झाकणामागे किंवा दरवाजाच्या कडेला चिकटवून ठेवलेले असते. हे आपण वाचत नाही.

ब्रेकच्या बाबतीत लोक मोठी डिस्क शोधतात. तिची गरज नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. पाणी मिसळलेले ऑइल घाटात तापले की वाफ धरते आणि पेडल जमिनीला लागते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, चांगल्या कंपनीचे पॅड, मागच्या ड्रमचे लायनर आणि फुगलेल्या रबरी होस नव्या. एवढ्याने गाडी नव्यासारखी थांबते. साठ किलोचे पाच गठ्ठे म्हणजे चार माणसांपेक्षा जास्त वजन होय. मालेगावहून उतरताना इंजिनाची ताकद किती याला काही अर्थ नसतो, गाडी थांबते किती लवकर याला असतो.

शॉकअप आणि बुश हे यांचे सख्खे भाऊ. वॅगनचे मागचे शॉकअप आधी मरतात, कारण भार तिथे पडतो. चारही नवे घालावेत, कंपनीच्या मापाचे. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मुंबईत कोणी घालतो हे मला कधीच कळले नाही.

हिंदमाताचे पाणी

हिंदमाता चौक हा बशीचा तळ आहे. महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क व सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, उड्डाणपुलांमधला रस्ता उंच केला. तरीही जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी चढते. इथे धंदा करणाऱ्याने इंजिनाला हवा कुठून मिळते हे ओळखलेच पाहिजे.

कंपनी हवा घेण्याचे तोंड सहसा हेडलाइटच्या मागे, उंचावर ठेवते. ताकद वाढवण्याच्या नावाने जो थंड हवेचा पाइप विकला जातो त्याचे तोंड अनेकदा बंपरच्या आत खाली येते. तिथून गुडघाभर पाण्यात इंजिनाने पाणी ओढले तर सिलिंडरमध्ये ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि संपूर्ण इंजिन खोलावे लागते. विमा कंपनीशी वाद वेगळा. इंजिनाचे संरक्षण साध्या पॉलिसीत धरलेले नसते, त्यासाठी जादा कलम लागते आणि एवढ्या जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. तेव्हा दोन-चार अश्वशक्तीसाठी हा जुगार कशाला? कागदाचा चांगला फिल्टर घाला, त्याचा डबा घट्ट बसतो का पाहा, झाले. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा.

डिझेलवाल्यांना आणखी एक मोह असतो, चिपचा. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून या टर्बो डिझेलची ओढ खरोखर वाढते, हे खोटे नाही. पण वाढलेली ओढ जुन्या क्लचवर पडते, तो घसरू लागतो, आणि चिपच्या दुप्पट पैसा क्लचला जातो. त्याच पैशात टायमिंग बेल्ट करून घ्यावा. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला आदळतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, आणि या इंजिनाच्या काही जुन्या पंपांचा आतला पंखा प्लास्टिकचा होता, तो झिजतो किंवा फुटतो. बेल्ट उघडला आहे तोवर धातूच्या पंख्याचा पंप बसवावा. मजुरी एकदाच पडते. याला मी खरी सुधारणा म्हणतो, जरी ती बाहेरून कोणाला दिसत नाही.

पेट्रोल अल्टुरावाल्यांनी इंधनाच्या रबरी नळ्यांकडे पाहावे. २०२५ पर्यंत पंपांवर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. ही गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. जुने रबर त्यात कडक होते, चिरते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आग. इथेनॉल चालेल अशा नळ्या व क्लिपा फार महाग नाहीत. मायलेज थोडे उतरेल, त्यावर उपाय नाही.

मागचा भाग

आता आपल्या धंद्याची गोष्ट. मागच्या दरवाजाचे रबर वीस वर्षांत चपटे होते आणि पावसाचे पाणी आत झिरपते. सिल्कच्या साडीवर एक ओला डाग म्हणजे त्या नगाचा नफा गेला. नवे रबर आणि दरवाजा वर धरून ठेवणारे दोन गॅसचे दांडे, एवढा खर्च कापडवाल्याने न विचारता करावा. खाली बारा मिलिमीटरचा प्लायवूड, त्यावर गालिचा, आणि गाडीच्या लोखंडात बोल्टने कसलेले कडे. हे काम कोणताही चांगला सुतार एका दिवसात करतो. सीटच्या पाठीमागे जाळी मात्र हवीच. जोराचा ब्रेक लागला की साठ किलोचा गठ्ठा सुटतो आणि पुढे मुले बसलेली असतात. माल सीटच्या पाठीइतकाच उंच भरावा, आणि एकूण वजन पुस्तिकेत दिले आहे त्याच्या आत. दुसऱ्याचा माल भाड्याने खाजगी नंबरावर नेऊ नये; अपघात झाला तर विमा हात वर करतो.

दिव्यांचे एक स्वस्त काम राहिले. जुन्या गाडीच्या तारा थकलेल्या असतात, बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. बॅटरीपासून वेगळी जाड तार आणि रिले टाकला की त्याच साध्या बल्बचा उजेड लक्षणीय वाढतो. साध्या बल्बच्या घरात एलईडी घातला तर समोरच्याचे डोळे दिपतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात. काच, दिव्याचे घर, दरवाजाचे हँडल तिथून खुशाल घ्यावे. ब्रेकचे, स्टिअरिंगचे आणि बेल्टचे सामान मात्र भंगारातून घेऊ नये, उस्ताद कितीही ओळखीचा असला तरी.

कायद्याचे पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रबर, शॉकअप, पॅड, त्याच मापाचे टायर यांना कोणी हात लावत नाही. मोठा सायलेन्सर आरटीओच्या तपासणीत आधी दिसतो, आणि ही तपासणी तुम्हाला चुकणार नाही. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील हलक्या मोटारींसाठी दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. सौदा करताना आरसी बुकावरची तारीख पाहून ही रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी, आणि गाडी पुढच्या दोन-तीन महिन्यांत तपासणीला जाणार असेल तर टायर-ब्रेकचा खर्च त्याआधीच उरकावा.