पातळ पत्र्याला भोक का पडतं? गेटचं काम घेण्याआधी हे वाचा

आपल्या बीडकडे नवीन फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं की सुरुवातीलाच पत्र्याच्या गेटची ऑर्डर येते. चौकोनी पाइपची फ्रेम, त्यावर 20 गेज पत्रा. फ्रेम मस्त जमते आणि पत्रा बसवताना भोकं पडतात. मग पुट्टी, ग्राइंडर, रंग. पावसाळ्यात त्याच पुट्टीखालून गंज वर येतो, आणि पुढचं गिऱ्हाईक तुमचं काम बघायला त्याच गेटपाशी जातं.

20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर. जाड अँगलमध्ये वेल्डिंगची उष्णता आजूबाजूला पसरते, पत्र्यात पसरायला जागाच नसते. म्हणून करंट जितका महत्त्वाचा, तितकाच वेळ. रॉड एका जागी किती सेकंद टेकला, हे बघा. करंटचं बटण सगळेच फिरवतात.

आधी रॉड. 10 नंबर, म्हणजे 3.15 मिलिमीटरचा रॉड इथे नकोच. 12 नंबर (2.5 मिमी) चालतो, 14 नंबर (2 मिमी) मिळाला तर उत्तम. 6013 जातीचा घ्या. 2 मिमीला 40-50 अँपिअरपासून सुरू करा आणि त्याच पत्र्याच्या तुकड्यावर आधी ट्रायल घ्या. इन्व्हर्टर मशीन असेल तर होल्डर मायनसला, अर्थ प्लसला लावा. पत्र्यात आग कमी घुसते. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर सांभाळून. गावात पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, आपण करंट वाढवतो, आणि व्होल्टेज परत आलं की पत्रा जळतो.

आता खरी हातोटी. आर्क पत्र्यावर धरायचीच नाही. जाड पाइपवर धरायची आणि वितळलेलं लोखंड पत्र्याच्या कडेवर नुसतं ओढून आणायचं. फट राहू देऊ नका, क्लॅम्पने पत्रा घट्ट दाबा. फटीवर वेल्डिंग केलं की भोक ठरलेलंच. सलग ओढायची हौस नको: एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये. पत्रा गार होतो आणि वाकतही नाही. पत्र्याला पत्राच जोडायचा असेल तर मागे तांब्याची पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वेल्डिंग त्याला सहसा चिकटत नाही. भोक पडलंच, तरी हीच पट्टी मागे लावून कडेकडेने छोटे टाके द्या.

जस्ताचा पत्रा असेल तर जोडाच्या जागेचं जस्त आधी घासून काढा. जस्त 907 अंशाला उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. उघड्यावर, वारा धूर तुमच्या तोंडापासून दूर नेईल असं उभं राहून काम करा. धान्याच्या कोठीचं काम आलं तर माझं मत सरळ आहे: घडी आणि रिव्हेट. तिथे वेल्डिंग करूच नका.

मिग मशीन कधी घ्यायचं, हा प्रश्न हमखास येतो. महिन्याला नियमित पत्र्याचं काम असेल तर घ्या, 0.8 मिमी तार पातळ पत्र्याला छान चालते. पण गिऱ्हाइकाच्या दारात फिटिंग करताना वारा गॅस उडवून नेतो, तिथे रॉडच लागतो.

आणि कोटेशन. 8 बाय 4 फुटाचा 20 गेज पत्रा भरतो सुमारे 21 किलो. फ्रेमचा किलोचा भाव पत्र्याला लावू नका. पत्र्यात वजन कमी, टाके जास्त, वेळ दुप्पट. मजुरी टाक्यांच्या वेळेवर धरा आणि ट्रायलचा तुकडाही हिशोबात घ्या.